चिठ्ठी आणि काउंटरच्या मध्ये अडकलेलं दुखणं : मराठवाड्यातील डॉक्टर व केमिस्ट संघटनांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या डॉक्टर संघटना व केमिस्ट संघटनांचे अध्यक्ष आणि सचिव

प्रत माहितीसाठी : अन्न व औषध प्रशासन, विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर, सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

सप्रेम नमस्कार.

अफूगटातल्या वेदनाशामकांबाबत आपल्याकडे एकाच वेळी तीन चुका चालू आहेत. 'मणक्यात गॅप आहे' म्हणत आलेल्या जवळपास कुणालाही ट्रामाडॉल लिहून मिळतं. तीच गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाला एके दिवशी काउंटरवर 'हे आता बंद झालंय' असं सांगून परत पाठवलं जातं. आणि तोंडाच्या कर्करोगाने तळमळणाऱ्याच्या घरच्यांना मॉर्फिन कुठल्या दवाखान्यात मिळतं, हेच कुणी सांगत नाही. ओपीडीतली घाई आणि तपासणीची धास्ती यांच्या कात्रीत हे निर्णय होतात. डॉक्टर लिहितो, केमिस्ट अडवतो किंवा निमूट देतो, आणि दोघं एकमेकांना फोन मात्र करत नाहीत. आम्ही वेदनोपचारात आणि औषध व्यवसायात काम करणारी माणसं आहोत. या औषधांचा निर्णय दोघांनी मिळून करायचा आहे आणि त्याचं कारण चिठ्ठीवर दिसलं पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे. ते कसं जमेल, ते पुढे लिहितो.

आधी कायद्याचं, कारण निम्मी धास्ती ऐकीव माहितीची आहे. ट्रामाडॉलवर बंदी नाही. 26 एप्रिल 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे, आणि त्याआधीपासून, 1 मार्च 2014 पासून, शेड्यूल एच-1 मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरवर चढवायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी तारीख-सहीची हवी, तिच्यावर डोस आणि एकूण संख्या हवी. दिल्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख चिठ्ठीवरच मारायची, म्हणजे तीच चिठ्ठी पुढच्या चौकात पुन्हा चालत नाही. बहुतेक दुकानांत नेमका हा शिक्काच राहून जातो. रजिस्टर चोख असतं, पण एका दुकानाचं रजिस्टर दुसऱ्या दुकानाला दिसत नाही. चिठ्ठी मात्र रुग्णाबरोबर फिरते.

रुग्णाने जवळ किती गोळ्या बाळगाव्यात, तेही ठरलेलं आहे. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 मात्रांपर्यंत चालतं, आणि दीर्घकाळ उपचारासाठी डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. दुसरीकडे, मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ट्रामाडॉलसारखं एनडीपीएसमधलं औषध फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहिता येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला ट्रामाडॉलच्या चिठ्ठीचा फोटो केमिस्टने नाकारला तर तो अडेलतट्टूपणा करत नाही, नियम पाळतो आहे. डॉक्टर मंडळींनी त्याच्यावर चिडू नये.

आता ही गोळी मुळात लिहावी का? कर्करोग नसलेल्या जुन्या दुखण्यात या गटाचा पुरावा तोकडा आहे. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्पेस चाचणीत जुनी कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज असलेले 240 रुग्ण वर्षभर पाहिले. ओपिऑइड, म्हणजे अफूगटातली औषधं, घेणाऱ्यांची हालचाल इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही, आणि दुष्परिणाम जास्त झाले. मात्र या चाचणीचा दाखला देताना एक गोष्ट विसरली जाते. तिच्यातल्या 'ओपिऑइड नसलेल्या' गटाला शेवटच्या पायरीवर ट्रामाडॉलची मुभा होती. म्हणून तिच्या जोरावर 'ट्रामाडॉल निरुपयोगी' असं म्हणता येत नाही, पण पहिल्याच भेटीत ते लिहिण्याचं समर्थनही तिच्यात सापडत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये, ज्या जुन्या दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही त्यात ओपिऑइड सुरूच करू नका, असं सांगितलं.

आपल्या भागात त्याआधीची एक पायरी आहे आणि ती वगळली जाते : दुखणं कशाचं आहे ते पाहणं. रात्री वाढणारी कंबरदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन, एवढं जुळलं तर मणक्याचा क्षय डोळ्यांपुढे आला पाहिजे. ट्रामाडॉलने तो बरा होत नाही, फक्त महिनाभर झाकला जातो. लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायाचा पंजा लुळा पडला, तर चिठ्ठी लिहीत बसू नका, त्याच दिवशी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. मधुमेहाने तळपाय जळत असतील तर ड्युलोक्सेटिन 30 मिलिग्रॅमपासून 60 पर्यंत, नाहीतर अमिट्रिप्टिलिन रात्री 10 ने सुरू करून बघायचं. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, लावायचं डायक्लोफिनॅक जेल आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. काठी लोक दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात आणि मग 'उपयोग नाही' म्हणतात. हे दाखवून द्यायला दोन मिनिटं लागतात, पण ओपीडीत ती दोन मिनिटंच नसतात, हे आम्हालाही ठाऊक आहे.

हे सगळं करूनही ट्रामाडॉलची वेळ येते. तिथे काय बिघडतं, ते एका नमुन्याच्या चिठ्ठीवर पाहू. बाई, वय 70, वजन 50 किलो, दोन्ही गुडघे झिजलेले, मधुमेह जुना. चिठ्ठीवर ट्रामाडॉल 50 दिवसातून तीनदा, डायक्लोफिनॅक 50 दोनदा, अमिट्रिप्टिलिन 25 रात्री, अल्प्राझोलाम 0.25 रात्री, पँटोप्राझोल सकाळी. मुदत 'एक महिना'. सोबतच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.6, त्यापुढे एक छोटा बाण, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही.

या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे क्लिअरन्स, काढायचं गणित करा. 140 वजा वय, म्हणजे 70. गुणिले वजन 50, म्हणजे 3500. भागिले 72 गुणिले 1.6, म्हणजे 115.2. उत्तर 30.4. बाई आहे म्हणून गुणिले 0.85, म्हणजे 26 च्या आसपास. 'थोडं वाढलंय' वाटणारं क्रिएटिनिन लहान चणीच्या वयस्क बाईत मूत्रपिंडाची क्षमता 30 च्या खाली दाखवतं. या टप्प्यावर ट्रामाडॉल 12 तासांच्या अंतरानेच द्यायचं आणि दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. या बाईला त्याच्याही निम्म्याने सुरुवात पुरे. डायक्लोफिनॅक तर नकोच, ते उरलेलं मूत्रपिंडही घालवेल. अमिट्रिप्टिलिन आणि ट्रामाडॉल दोन्ही फिटचा धोका वाढवतात, आणि मेंदूतलं सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, बेचैनी होऊ शकते. अल्प्राझोलाम आणि ट्रामाडॉल एकत्र आले की गुंगी आणि मंद श्वास, आणि पहाटे लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडणं. म्हणजे एका चिठ्ठीत चार अडचणी, आणि ट्रामाडॉलची मात्रा त्यातली एकच.

केमिस्टने इथे चिठ्ठी गुमान भरायची नाही आणि रुग्णाला हाकलायचंही नाही. फोन करायचा, आणि तो असा : 'मॅडम, मेडिकलवरून बोलतोय. तुमच्या सत्तर वर्षांच्या पेशंटची चिठ्ठी समोर आहे. क्रिएटिनिन 1.6, वजन 50, क्लिअरन्स 26 येतोय. डायक्लोफिनॅक ठेवायचं का? ट्रामाडॉल दोनदा करायचं का? आणि अल्प्राझोलाम जुनी आहे की आजच लिहिली?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही एकदम तोडता येत नाही. बदल ठरला तर डॉक्टरने सहीची नवी चिठ्ठी द्यायची. तोवर निर्धोक औषधं दोन दिवसांपुरती द्यायची आणि दिलेली संख्या जुन्या चिठ्ठीवर लिहायची. फोनची वेळ आणि काय ठरलं, हे चिठ्ठीच्या मागे एका ओळीत. 'मला शिकवतोस का?' असं फोनवर ऐकलेला केमिस्ट पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि मग रुग्णाला सांभाळायला कुणीच उरत नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला समजावणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं आहे. अर्थात परवाना एकाचा भिंतीवर आणि काउंटरला भलताच पोऱ्या असेल, तर हे गणित करणार कोण? हे केमिस्ट संघटनांनी आपल्या घरातच विचारावं.

चालू करायचं ठरलं तर ते प्रयोग म्हणून करा, आणि रुग्णाला तसं सांगा. रात्री जेवणानंतर 50 मिलिग्रॅमने सुरुवात, तीन दिवसांनी दुसरी मात्रा. एकदम तीनदा चालू केलं की मळमळ-चक्कर येते आणि रुग्ण चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मूत्रपिंड चांगलं असलं तरी दिवसाची कमाल 400, पंचाहत्तरीच्या पुढे 300. पहिली चिठ्ठी दोन आठवड्यांची, आणि चौथ्या आठवड्याच्या आत हिशेब. 'बरं वाटतं का?' या प्रश्नावर सगळेच 'हो साहेब' म्हणतात. म्हणून सुरुवातीलाच एक काम ठरवा : उकिडवं बसून भाकरी थापणं, खुरपणीची एक ओळ पूर्ण करणं, एसटीच्या पायऱ्या चढणं. दुखणं निदान तीस टक्क्यांनी उतरलं आणि ते काम जमू लागलं तर पुढे चालू ठेवा, नाहीतर बंद करा. मात्रा वाढवत राहून न येणारा उपयोग येत नाही.

बद्धकोष्ठाचं औषध पहिल्याच दिवशी लिहायचं, रात्री बिसाकोडिल 5 ते 10 मिलिग्रॅम किंवा लॅक्टुलोज. नुसत्या इसबगोलावर भागवू नका. आतडं मंदावलेलं असताना आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसात ते आत घट्ट होऊन बसतं. दारू किती, कुठली, कधी, हे सरळ विचारा. फिटचा इतिहास विचारा. मन खचलंय का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही विचारा, आणि उत्तर होकारार्थी आलं तर गोळ्या आठवड्याच्याच द्या, घरच्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्या आणि मानसोपचाराकडे पाठवा. फवारणीची बाटली आणि गोळ्या एकाच फडताळात ठेवणाऱ्या घरांत हा प्रश्न टाळणं परवडत नाही.

आता ऊसतोडीचं. बीड, धाराशिव, जालना, परभणी भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच, आणि गोळी घेऊन तो तीच मोळी दुखऱ्या कंबरेनं जास्त वेळ उचलणार. जो आधीच रोज दोन ट्रामाडॉलवर आहे, त्याला 100 गोळ्या 50 दिवस पुरतात आणि 300 गोळ्या 150 दिवस. कायद्याने 300 देता येतात म्हणून त्या द्याव्यात, असं आम्हाला वाटत नाही. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कुलूप नसतं, लेकरं असतात, आणि लहान मुलाला दोन-तीन कॅप्सूलही फिट यायला किंवा श्वास मंदावायला पुरतात. हंगामात कर्नाटकातून किंवा साताऱ्याकडून फोन आला तर डॉक्टर लिहून देऊ शकत नाही, आणि मग फडातल्या कुणाच्या तरी पिशवीतल्या गोळीवर दिवस काढले जातात. म्हणून निर्णय गणेशोत्सवाच्या आसपासच घ्यायला हवा. गोळी कमी करता येते का ते बघा. नसेल तर एका कागदावर निदान, मात्रा, कधीपासून आणि क्रिएटिनिन लिहून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर त्याला समोर तपासून पुढची चिठ्ठी लिहू शकेल. नुसत्या पिवळ्या केसपेपरवर 'सीएसटी' (तेच उपचार चालू ठेवा) एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यातून त्याला काहीही कळत नाही.

बंद कसं करायचं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त हाल इथे होतात. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शनातल्या रोजच्या मात्रेच्या आकड्यांचा अनेक ठिकाणी कायद्यासारखा वापर झाला आणि रुग्णांच्या मात्रा एकाएकी तोडल्या गेल्या. 2019 मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला, आणि 2022 च्या सुधारित मार्गदर्शनाने ते आकडे सैल केले. आपण त्याच खड्ड्यात पाय घालायचं कारण नाही. रोजची गोळी अचानक थांबली की दिवस-दोन दिवसांत नाक गळतं, जांभया, काटा येणं, जुलाब, झोप उडणं सुरू होतं. ट्रामाडॉलमध्ये भरीला घाबरेपणा आणि अंगात झिणझिण्या. घरच्यांना वाटतं चटक लागली, डॉक्टरला वाटतं नाटक करतो.

वर्षभराहून जास्त घेत असेल तर महिन्याला साधारण दहा टक्के कमी करावं. 50 च्या चार कॅप्सूल घेणाऱ्याची एक कॅप्सूल काढली की एकदम पंचवीस टक्के उतरतात, आणि बरेच जण तिथेच परत फिरतात. त्यापेक्षा एका वेळची कॅप्सूल काढून तिच्या जागी 37.5 मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि 325 पॅरासिटामॉलची जोडगोळी द्या. 200 वरून 187.5, दर दोन ते चार आठवड्यांनी अशीच एक-एक बदलत 175, 162.5 आणि 150. चारही बदलल्यावर पॅरासिटामॉल दिवसाला 1300 होतं, तेव्हा वेगळी लिहिलेली पॅरासिटामॉल मोजायला विसरू नका. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी मात्र अर्धी करायची नाही. तोडली की बारा तासांची मात्रा एकदम सुटते. काउंटरवर 'अर्धी-अर्धी घ्या' असं सहज सांगितलं जातं, ते थांबवायला हवं. आणि केमिस्टकडे माल नसेल, तर 'बंद झालंय' ऐवजी 'माझ्याकडे नाही, अमुक दुकानात आहे' एवढं सांगितलं तरी एक माणूस वाचतो.

त्वचेवर चिकटवायच्या पॅचबद्दल थोडक्यात. याच गटातल्या फेंटानिलचा तासाला 25 मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे तोंडी मॉर्फिनचे दिवसाला सुमारे 60 मिलिग्रॅम, तर ट्रामाडॉलचे 200 म्हणजे सुमारे 40. 'गोळी पोटाला लागते' म्हणून ट्रामाडॉलवरून थेट 25 च्या पॅचवर जाणं ही दीडपट उडी आहे, आणि आधी काहीच न घेतलेल्याला तर तो जिवावर बेतणारा आहे. उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त वेगाने शरीरात जातं. मे महिन्यातलं परभणी-नांदेड, पत्र्याचं घर, अंगात ताप आणि वरून गरम विटेचा शेक, हे सगळं पॅच लावलेल्या माणसाला चालत नाही. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन घडी घाला आणि संडासात सोडा. उकिरड्यावर नको.

वरचे सगळे आखडते हात कर्करोगाला लावू नका. सीडीसीचं मार्गदर्शनही कर्करोग आणि अंतकाळच्या शुश्रूषेला लागू नाही. एनडीपीएस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीने आवश्यक मादक औषधांचा वर्ग तयार झाला, आणि मे 2015 मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधं त्यात आली. आधीसारखे चार-पाच परवाने गोळा करावे लागत नाहीत. रुग्णालयाने औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता घ्यायची, वेदनोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असायला हवा, आणि साठ्याची नोंद ठेवायची. वयस्क रुग्णाला 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी दर चार तासांनी, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच उसळणाऱ्या कळेसाठी दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा हिस्सा. मूत्रपिंड कमजोर असेल तर अंतर वाढवा, कारण मॉर्फिनचे चयापचयित घटक साचतात. कमाल मात्रा अशी ठरलेली नाही.

अफूगटातल्या औषधांवरचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनची 0.4 मिलिग्रॅमची कुपी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी. मॉर्फिनवरच्या रुग्णाला ती सरळ टोचू नका. दहा मिलीपर्यंत पातळ करून एक-एक मिली, श्वास सुधारेपर्यंत, नाहीतर सगळी कळ एकदम परतते. ट्रामाडॉलच्या अतिमात्रेत तिने श्वास सुधारतो, पण फिट थांबत नाहीत, त्यांचा उपचार वेगळा करावा लागतो.

आपल्याकडून आम्हाला चार गोष्टी हव्या आहेत. डॉक्टर संघटनांनी सभासदांना सांगावं की या गटाच्या प्रत्येक चिठ्ठीवर निदान, एकूण संख्या आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी, आणि चिठ्ठीवरचा फोन नंबर उचलला जाणारा असावा. केमिस्ट संघटनांनी शिक्का आणि फोनची नोंद यांचा आग्रह धरावा. औषध निरीक्षकांनी दुकानात किती गोळ्या विकल्या, एवढ्यावर संशय घेऊ नये. कर्करोग रुग्णालयासमोरच्या दुकानात त्या जास्त जाणारच, तिथे चिठ्ठ्या काढून कारणं वाचावीत. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी आपल्या जिल्ह्यात मॉर्फिन कुठे, कुठल्या वारी, कोणत्या खोलीत मिळतं, याचा कागद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि मेडिकलच्या दारावर लावावा. जिथे मिळत नाही, तिथे मान्यतेचा अर्ज कधी जाणार, ती तारीख त्याच कागदावर लिहावी.

पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही. यंदाच्या टोळ्या निघायच्या आत दोन्ही संघटनांची तालुकावार एकत्र बैठक घ्या. मसुद्याला, गणितांच्या तक्त्याला आणि प्रशिक्षणाला आम्ही येतो.

आपले,
मराठवाड्यातील वेदनोपचार व औषध व्यवसायातील काही सहकारी